बीड घरी असताना मोजा

मा. पंकजाताई मुंडे,
पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



ताई,

तुमच्या खात्याचं काम साऱ्या राज्याचं आहे आणि मी हे पत्र एका जिल्ह्यापुरतं लिहितो आहे. तरी ते तुम्हालाच लिहावंसं वाटलं. मला जे सांगायचं आहे ते समजायला बीडचं वर्ष कसं जातं हे ठाऊक असावं लागतं. मृगाचा पेरा, दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात ते दिवस, मार्च-एप्रिलमध्ये गाळप आटोपून, म्हणजे पट्टा पडून, त्यांचं परतणं, आणि तोवर विहिरींनी गाठलेला तळ, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ऊसतोड मजुरांच्या दरवाढीसाठी तुम्ही लवादात बसलेल्या आहात. परळीच्या लोकांनी तुम्हाला विधानसभेत पाठवलं होतं. आणि आज पर्यावरणाचं खातं तुमच्या हाती आहे.

मी अंबाजोगाईचा. भूजल हा माझा विषय. विहिरींच्या पातळ्या घेणं, ओढ्याकाठची माती आणि खडक पाहणं, पाण्याचे नमुने भरून प्रयोगशाळेत पोचवणं हे काम मी पर्यावरण सल्लागार संस्थांसाठीही केलं आहे. कारखाना, खाण, वीजप्रकल्प यांच्या मंजुरीसाठी जो जाडजूड अहवाल जोडावा लागतो तो कसा तयार होतो, हे त्यामुळे जवळून पाहायला मिळालं. त्या कामाबद्दल मला आदर आहे. नीट केलेला अहवाल विहीर बिघडण्याआधीच सांगतो की ती बिघडेल. गावाच्या दृष्टीने याहून मोलाचा कागद दुसरा नाही. म्हणूनच तो बीडमध्ये ज्या वेळी आणि ज्या रीतीने तयार होतो, त्याबद्दल बोलणं मला भाग आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं की बीड जिल्ह्याची मोजणी बीडचं पाणी वाहत नसताना आणि बीडची माणसं घरी नसताना होते.

पाण्यापासून सुरुवात करतो. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे आपल्याकडे पर्यावरण मंजुरी दिली जाते. मोठे प्रकल्प दिल्लीला जातात, बाकीचे मुंबईत राज्यस्तरीय प्राधिकरणापुढे येतात. प्राधिकरणाची तज्ज्ञ समिती आधी अभ्यासाच्या अटी ठरवून देते. त्या अटींनुसार प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरच्या वर्तुळात हवा, पाणी, माती, आवाज, झाडंझुडपं, माणसं यांची पाहणी होते. बहुतेक प्रकल्पांना ही पाहणी एका हंगामाची, म्हणजे तीन महिन्यांची लागते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असावा लागतो.

पावसाळा वगळण्यामागे चांगला विचार आहे. पावसात धूळ खाली बसते. जुलैत हवा मोजली तर ती कोणत्याही कारखान्याच्या दारात स्वच्छच निघेल. म्हणून हवेसाठी कोरडा हंगाम धरणं लोकांच्या हिताचं आहे. अडचण ही की हवेसाठी केलेला नियम पाण्यालाही लागू होतो, आणि आमच्यासारख्या कोरड्या, काळ्या पाषाणाच्या मुलखात तिथे तो उलटा पडतो.

बालाघाटाच्या खडकात पाणी फार धरत नाही. वर मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या, मग अखंड कातळ. पाणी राहतं ते मुरमात आणि फटींत. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलीमीटरच्या आतच, त्यातही आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हे तालुके पर्जन्यछायेचे. इथले ओढे जुलैपासून दिवाळीपर्यंत, फार तर मार्गशीर्षापर्यंत वाहतात. तेवढ्या वाहण्यावर पाझर तलाव भरतात, पाझर तलावांवर विहिरी भरतात आणि विहिरींवर ज्वारी-हरभरा निघतो. उन्हाळ्यात जो टँकर येतो तोही कुठल्या तरी अशाच भरलेल्या विहिरीवरून येतो.

आता पाहणीचं पथक फेब्रुवारीत येतं. ओढा कोरडा असतो. अहवालात नोंद होते की प्रकल्पक्षेत्रात बारमाही प्रवाह नाही. हे वाक्य खरं आहे. पण पुढची प्रकरणं त्या वाक्यावर उभी राहतात. प्रवाह नाही म्हणून प्रवाहावर परिणाम नाही, परिणाम नाही म्हणून उपाय नको, उपाय नको म्हणून खर्चाची तरतूद नको. चार महिने वाहून बाराही महिने पोसणारा ओढा त्या अहवालात कुठेच राहत नाही. पुढे तिथे मुरूम टाकून रस्ता झाला, मोरी घातली गेली नाही आणि पाणी दुसरीकडे वळलं, तर तक्रार करायला कागदावर ओढाच नसतो.

राज्याच्याच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला ही गोष्ट फार पूर्वी कळलेली आहे. ती निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. ऑक्टोबरची पातळी सांगते की पावसाने किती दिलं. मेची सांगते की गावाने किती वापरलं आणि खडकाने किती धरलं. या दोन आकड्यांमधलं अंतर हेच आमच्या गावाचं सारं पाणी. सरकारची एक यंत्रणा ज्यासाठी चार वेळा विहिरीवर जाते, त्याच विहिरीबद्दल दुसरी यंत्रणा एका फेरीत निकाल कसा मान्य करते? जलविद्युत प्रकल्पांकडून एकापेक्षा अधिक हंगामांची आकडेवारी मागितली जाते. म्हणजे वाट माहीत आहे. ती दुष्काळी जिल्ह्यांसाठी खुली करायची आहे.

आता माणसांकडे येतो, आणि इथे मला जास्त वेळ लागणार आहे.

जनसुनावणी हा या साऱ्या प्रक्रियेतला एकच असा दिवस, ज्या दिवशी शेतकरी किंवा मजूर उभा राहून आपलं म्हणणं नोंदवू शकतो. नियम चांगला आहे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाने भरवायची आणि जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याने अध्यक्षस्थानी बसायचं. तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात, त्यातलं एक वर्तमानपत्र स्थानिक भाषेतलं. सगळ्याचं चित्रीकरण. इतिवृत्त ग्रामपंचायतीत लावायचं. हे सारं कागदावर आहे आणि बहुतेक वेळा पाळलंही जातं.

पण सुनावणीला किती माणसं हवीत याची अट नाही. गणपूर्ती नाही. आणि प्रकल्पवाल्याने मागणी केल्यापासून पंचेचाळीस दिवसांत मंडळाने सुनावणी उरकायची असते. मागणी नोव्हेंबरात आली तर सुनावणी डिसेंबरात पडते. डिसेंबरात केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर कोण असतं, ताई? म्हातारी माणसं असतात, आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवलेली लेकरं असतात, आणि ज्यांना कोयता उचलावा लागत नाही अशी थोडी घरं असतात. बाकी सारे कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या, नाहीतर कर्नाटकातल्या फडावर कोपी टाकून राहिलेले. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे बाईही गावात नसते. पाणी भरते ती, विहिरीची चव बदलली हे पहिल्यांदा तिला कळतं, आणि सुनावणीच्या दिवशी ती तीनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असते.

जमीन थोडी किंवा मुळीच नसलेली ही माणसं. प्रकल्पाने ज्यांची जमीन घेतली त्यांना नोटीस येते, मोबदला ठरतो, निदान वाद घालायला जागा असते. यांच्याकडे जे असतं ते गायरान, ओढा, सार्वजनिक विहीर आणि गावातलं अधूनमधून मिळणारं काम. प्रकल्पाचा पहिला घाव त्यावरच पडतो आणि त्याची नोंद करायला कुणी नसतं. अहवालात सामाजिक-आर्थिक पाहणीचं एक प्रकरण असतं. त्यासाठी घरोघरी प्रश्नावली भरली जाते. जानेवारीत भरलेल्या प्रश्नावलीत त्या घराचं कुलूप तेवढं येऊ शकतं. मग तक्ता भरतो तो घरी सापडलेल्या माणसांच्या उत्तरांनी, आणि ती माणसं गावातली त्यातल्या त्यात बरी स्थिती असलेली असतात. पाहणी करणाऱ्या पोरांचा यात दोष नाही. त्यांना जो महिना दिला त्या महिन्यात ती आली.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. सल्लामसलतीचे कायद्याने दोन भाग आहेत, प्रत्यक्ष सुनावणी आणि लेखी म्हणणं. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. ज्या गावात सुनावणी ठरली आहे तिथल्या टोळ्या कोणत्या कारखान्यावर गेल्या आहेत, हे त्या महामंडळाने मुकादमांकडून काढावं, सुनावणीची सूचना आणि प्रकल्पाचा मराठी सारांश फडावर पोचवावा आणि मजुरांचं म्हणणं तिथेच लिहून घेऊन मंडळाकडे पाठवावं. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. याहूनही सरळ गोष्ट अशी की तज्ज्ञ समितीने अभ्यासाच्या अटी देतानाच बीड आणि तशा स्थलांतराच्या जिल्ह्यांसाठी लिहावं की घरोघरची पाहणी मे ते सप्टेंबर या काळात करावी, आणि प्रकल्पवाल्याने सुनावणीची मागणी त्यानंतर, पण टोळ्या गावात असतानाच सुनावणी होईल अशा बेताने करावी. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तिन्ही ग्रामसभांना गाव भरलेलं असतं. २६ जानेवारीची ग्रामसभा तेवढी रिकामी जाते. प्रकल्पाची माहिती गावापुढे ठेवायला यांपैकी कोणतीही भरलेली ग्रामसभा चालेल.

आणि तो मराठी सारांश. पूर्ण अहवाल इंग्रजीत, पाचशे-सहाशे पानांचा. मराठीत यायला हवा तो फक्त सारांश, वीस-पंचवीस पानांचा, आणि विहिरींची कोष्टकं बहुधा त्यात नसतात. २०२० मध्ये मंजुरीच्या नव्या नियमांचा मसुदा आला तेव्हा तो बावीस भाषांत उपलब्ध करून द्यावा, असं दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितलं होतं. माझी मागणी त्यापुढे लहान आहे. पाण्याचं, जमिनीचं आणि सामाजिक पाहणीचं अशी तीन प्रकरणं पूर्ण मराठीत द्या. ज्याच्या विहिरीचा नमुना घेतला त्या शेतकऱ्याला त्याच्या विहिरीच्या तपासणीची प्रत द्या. आज तो बादली सोडून पाणी काढून देतो, चहा पाजतो, आणि क्षार किती, नायट्रेट किती, पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे त्याला कधीच कळत नाही. त्याच्या विहिरीचे आकडे मुंबईच्या बैठकीत पडद्यावर दिसतात.

आतापर्यंत मी मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांबद्दल बोललो. जिल्ह्यात आज सर्वांत जास्त दिसणारा प्रकल्प मात्र मंजुरी न लागणारा आहे.

पवनचक्की २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांचे रंगांप्रमाणे गट केले तेव्हा पवनऊर्जा आणि सौरऊर्जा पांढऱ्या गटात गेली, म्हणजे सर्वांत कमी प्रदूषणाच्या. धूर नाही, सांडपाणी नाही, या अर्थाने ते बरोबरच आहे. कोळशाऐवजी वाऱ्याची वीज यावी असं मलाही मनापासून वाटतं, औष्णिक केंद्र असलेल्या परळीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला ते वाटणारच. पण २००६ च्या यादीत नसल्यामुळे अहवाल नाही, सुनावणी नाही, एका हंगामाचीसुद्धा पाहणी नाही. धूर मोजायचा नाही म्हणून डोंगरही मोजला जात नाही.

आणि हे पंखे कुठे उभे राहतात? वारा जिथे, तिथे, म्हणजे बालाघाटाच्या माथ्यावर. त्यातला पाटोदा तालुका घ्या. मांजरा तिथे उगम पावते आणि पुढे बिदर, निजामाबादकडे जाऊन गोदावरीला मिळते. सिंदफणा तिथलीच, ती माजलगावचं धरण भरून मंजरथला गोदावरीत जाते. बीड शहराची बिंदुसरा त्याच डोंगरातली. आणि सौताड्याला कड्यावरून कोसळणारी विंचरणा मात्र उलट दिशेने सीनेला, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात जाते. एका तालुक्याच्या माथ्यावर गोदावरी आणि कृष्णा या दोन महाखोऱ्यांचं पाणी विभागलं जातं. नायगावचं मयूर अभयारण्यही याच तालुक्यात. इतका नाजूक माथा मराठवाड्यात दुसरा दाखवणं कठीण.

एक पवनचक्की उभी करायची तर शंभर मीटरच्या आसपास उंचीचा मनोरा, त्याचे तुकडे आणि लांबलचक पाती वाहून नेणारी वाहनं, त्यांना वळायला रुंद रस्ता, क्रेन उभी करायला सपाट केलेला तळ. रस्ता डोंगराच्या उतारावर आडवा कापावा लागतो. काढलेला मुरूम आणि दगड बहुधा खालच्या बाजूला लोटला जातो, आणि खालच्या बाजूला ओढ्याचं तोंड असतं. पहिल्या जोरदार पावसात तो मुरूम खालच्या पाझर तलावात येऊन बसतो. एका पवनचक्कीने हे थोडं होतं. माथ्यावर ओळीने उभ्या राहिल्या की थोडं राहत नाही. भीमाशंकरलगतच्या डोंगरावर पवनऊर्जेच्या रस्त्यांनी झालेल्या झाडतोडीची, धुपीची आणि बुजलेल्या प्रवाहांची नोंद माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात करून ठेवली आहे. तो मुसळधार पावसाचा, जंगलाचा भाग होता. आमच्याकडे जंगल थोडं आणि माती त्याहून थोडी.

एप्रिल २०१६ ची आठवण करून देतो. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. साऱ्या देशाने ती गाडी पाहिली. त्या धरणात येणारं पाणी पाटोद्याच्या माथ्यावरून निघतं. माथ्यावर रस्ता कसा कापावा हा प्रश्न पाटोद्यापुरता राहत नाही, तो लातूरच्या नळापर्यंत जातो.

केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. राहत्या घरापासून पाचशे मीटरच्या आत पवनचक्की उभारू नये, असं त्यांत म्हटलं आहे. अंतराचा विचार तिथे झाला, पाण्याचा झाला नाही. तो राज्याने करावा. माथ्यावरच्या रस्त्यांची आखणी पाणलोटाच्या नकाशावर तपासून घ्यावी, मुरूम कुठे टाकायचा ते आधी ठरवून द्यावं, प्रत्येक ओढ्यावर मोरी घालावी, आणि काम सुरू होण्याआधीच्या व नंतरच्या पावसाळ्यात पाझर तलावातला गाळ मोजावा. जिल्हाधिकारी, मृद व जलसंधारण विभाग आणि भूजल यंत्रणा यांना एका टेबलाशी बसवलं तर हे महिन्याभरात लिहून होईल. आणि गावापुढे एक खुली सुनावणी घ्यावी, कायद्याने लागत नसली तरी.

या शेवटच्या मागणीमागे एक दुःख आहे. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी हा गुन्हा जोडलेला असल्याचं तपासात पुढे आलं आणि प्रकरण न्यायालयात आहे. न्याय तिथे होईल. मला इथे एवढंच म्हणायचं आहे की जिथे जमिनीचे, रस्त्यांचे, सुरक्षेचे, मुरमाच्या ठेक्याचे व्यवहार कुणाच्याही डोळ्यांसमोर होत नाहीत, तिथे दांडगाईला मोकळं रान मिळतं. उघड्या मांडवात, चित्रीकरणासमोर, जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत कोणता रस्ता कुठून जाणार आणि कुणाला काय मिळणार हे बोललं गेलं, तर ते गावाच्या रक्षणाचं आहे, कंपनीच्याही आणि सरपंचाच्याही.

परळीबद्दल थोडं लिहितो, कारण तुम्ही ते अधिक जाणता. औष्णिक केंद्रात आज २५० मेगावॉटचे तीन संच आहेत. केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने जुन्या औष्णिक केंद्रांना दर मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर या मर्यादेने दिवसाला ६३ हजार घनमीटर, म्हणजे सहा कोटी तीस लाख लिटर पाणी होतं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हे साडेअकरा लाख माणसांचं पाणी आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये खडका बंधाऱ्यातलं पाणी संपलं आणि केंद्र बंद पडलं, २०१५ च्या जुलैमध्ये पुन्हा. प्रकल्पाला मंजुरी देताना पाण्याचा हिशेब चांगल्या वर्षाचा धरला, की वाईट वर्षी गाव आणि केंद्र दोन्ही तहानलेले राहतात. म्हणून बीडमधल्या कोणत्याही पाणीखाऊ प्रकल्पाच्या अहवालात २०१२-१३ आणि २०१५-१६ ही दोन वर्षं धरून हिशेब मागवावा. सरासरी पावसावर बीडमध्ये काहीही आखू नये.

राखेचंही असंच. आपल्या कोळशात शंभर टनांमागे तीस-चाळीस टन राख निघते. दाऊतपूर, वडगाव दादाहरी भागातली राख हिवाळ्यात दवाने बसलेली असते आणि चैत्र-वैशाखात वावटळीने उठते. डिसेंबर ते फेब्रुवारीत मोजलेली हवा वैशाखाबद्दल काही सांगू शकत नाही. तिथे हवेची मोजणी कायमची हवी, बारा महिने, आणि आकडे रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर.

साखर कारखान्यांच्या आसवन्यांबद्दल एकच मुद्दा. इथेनॉल मिश्रण कार्यक्रमासाठी २०२१ मध्ये नियम सैल झाले आणि त्यासाठीचे अनेक विस्तार अशा गटात आले, ज्यात सुनावणी लागत नाही. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. तो बाहेर सोडणार नाही असं प्रत्येक अर्जात लिहिलेलं असतं. ते खरं ठरतं की नाही हे भोवतालच्या विहिरींची ऑक्टोबर आणि मे अशी दोनदा तपासणी करून कळेल, आणि हा खर्च कारखान्याला जड नाही.

सल्लागार संस्थांविषयी न बोलता हे पत्र पुरं करणं बरोबर होणार नाही. त्यांना राष्ट्रीय मंडळाची मान्यता घ्यावी लागते, प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ नेमावा लागतो, हे चांगलं झालं. त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या बॉक्साइट प्रकल्पाच्या अहवालातला मजकूर निघाला होता. आज इतकी उघड नक्कल क्वचित होते. पण मूळ दुखणं आहे तिथेच आहे. अहवालाचे पैसे प्रकल्पवाला देतो, आणि पैसे अहवाल मंजूर होण्यासाठी असतात. जो भूजलतज्ज्ञ म्हणेल की मला अजून एक पावसाळा थांबू द्या, त्याला पुढचं काम मिळत नाही. त्याच्या बाजूने नियमाने उभं राहायला हवं. अट समितीने घातलेली असली की तज्ज्ञाला प्रकल्पवाल्याशी भांडावं लागत नाही, तो फक्त अट दाखवतो.

राज्यस्तरीय प्राधिकरण स्वतंत्र आहे, त्याच्या निर्णयात मंत्र्याने हात घालू नये हे मलाही मान्य आहे. मी कोणता प्रकल्प रोखा किंवा कोणता सोडा असं मागत नाही. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली तेव्हा कित्येक वर्षं वाट पाहिलेल्या लोकांबरोबर मलाही आनंद झाला. रेल्वेच्या मागोमाग उद्योग येतील आणि यावेत. कोयता सुटायचा तर गावात काम हवंच. म्हणूनच हे आत्ताच ठरवायला हवं, अर्जांची रांग लागण्याआधी. खात्याने शास्त्रीय कारणं देऊन प्राधिकरणापुढे आणि केंद्रापुढे प्रस्ताव ठेवावा की दुष्काळी आणि स्थलांतराच्या जिल्ह्यांत पाण्याची पाहणी पावसाळ्यासह पूर्ण वर्षाची असेल, माणसांची पाहणी ती घरी असण्याच्या काळातली असेल, आणि एकाच पाणलोटातल्या सर्व प्रकल्पांचा पाण्याचा हिशेब एकत्र मांडला जाईल. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हा प्रशासन जे स्वतः करू शकतात, ते बीडमध्ये या वर्षीच सुरू व्हावं.

त्यासाठी सुरुवातीचा खर्चही फारसा नाही. भूजल यंत्रणेची माणसं ऑक्टोबरच्या पातळ्या घ्यायला निघतीलच. त्याच फेरीत पाटोदा, आष्टी आणि केजमधल्या पवनचक्क्यांच्या रस्त्यांखालच्या ओढ्यांवरच्या विहिरी त्यांच्या यादीत घाला आणि मेमध्ये पुन्हा घ्या. टोळ्या साधारण त्याच सुमारास निघतात, त्यामुळे विहीरमालक भेटायचे असतील तर फेरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावावी लागेल. मी आणि माझ्यासारखे काही जण बरोबर यायला तयार आहोत. त्या भागातल्या जुन्या विहिरींच्या नोंदी माझ्याकडे आहेत, त्या यंत्रणेला देतो.

आपला,
अंबाजोगाईचा एक भूजल अभ्यासक